राजारामपुरीतील फ्रोझन मांसाचे दुकान : चव उत्तम, पण पाकीट उलटून पाहावे

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत फ्रोझन मांसाची जी दुकाने आता दिसू लागली आहेत, त्यांपैकी एका दुकानातून आमच्या घरी चिकन सलामी, सॉसेज आणि स्मोक्ड हॅम अधूनमधून येते. रविवारी सकाळी खाटकासमोर उभे राहून डोळ्यांदेखत मटण कापून घेणाऱ्या गावात पाकिटातले मांस कोण घेणार, अशी शंका कोणालाही यावी; पण संध्याकाळची गर्दी पाहता मुलांच्या डब्यांनी आणि नोकरीच्या वेळांनी ती निकालात काढलेली दिसते.

दुकानाच्या व्यवस्थेला नाव ठेवण्यासारखे काही नाही. डीप फ्रीझरचे तापमान बाहेरून वाचता येते आणि ते उणे 18 अंशांच्या आसपास असते. पाकिटांच्या आत बर्फाचे खडे साठलेले नसतात, म्हणजे माल मध्येच वितळून पुन्हा गोठवलेला नसावा. मिरी घातलेले सॉसेज चवीला खरोखर चांगले आहे. हॅम मात्र कोल्हापुरी जिभेलाही खारट लागते, आणि आमची जीभ तिखटमिठाला दबणारी नव्हे.

खरा प्रश्न सलामीच्या रंगाचा आहे. शिजवलेली कोंबडी पांढुरकी किंवा करडी दिसते, ही सलामी मात्र गुलाबी आहे, आणि त्याचे कारण पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत दिलेले आहे : परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) 250, अर्थात सोडियम नायट्राइट. हा पदार्थ केवळ रंगासाठी वापरतात असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूंना तो रोखतो आणि मांस खवट होण्याचा वेगही कमी करतो. तथापि हेच नायट्राइट मांसातील अमाइन्सशी, म्हणजे प्रथिनांपासून बनणाऱ्या संयुगांशी, संयोग पावले, की नायट्रोसमाइन्स ही कर्करोगाशी जोडली जाणारी संयुगे तयार होऊ शकतात. पोटातही आणि कडकडीत तापलेल्या तव्यावरही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत, ठेवले. त्याच गटात तंबाखू आहे म्हणून सॉसेज सिगारेटइतके घातक ठरत नाही, कारण तो गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचे प्रमाण सांगत नाही. रोज 50 ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, हा त्या अहवालातील आकडाही मूळ धोक्यावरची वाढ दाखवतो. शंभरांतल्या अठरा जणांना रोग होतो, असा त्याचा अर्थ नव्हे.

माझी तक्रार आहे ती लेबलाबद्दल. त्यावर परिरक्षकाचा क्रमांक आहे, प्रमाण नाही. नायट्राइटची रोजची स्वीकारार्ह मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 0.07 मिलिग्रॅम मानली जाते. 20 किलोच्या मुलासाठी ती 1.4 मिलिग्रॅम होते. पण डब्यातल्या तीन चकत्यांतून त्यातले किती गेले, हे पाकीट वाचून कळण्याचा मार्गच नाही. सोडियमचा आकडा तेवढा दिलेला आहे आणि तो 100 ग्रॅममागे 800 मिलिग्रॅमच्या जवळपास आहे, तर प्रौढ व्यक्तीने दिवसभरात 2,000 मिलिग्रॅमच्या आत राहावे असा सल्ला असतो.

याच फ्रीझरमध्ये ‘कृत्रिम परिरक्षक नाही’ असे ठळक छापलेले एक महागडे सॉसेजही मिळते. घटकांची यादी वाचल्यावर त्यात सेलरीचा अर्क आढळतो. सेलरीत नायट्रेट मुळातच भरपूर असते आणि जिवाणूंच्या साहाय्याने त्याचे नायट्राइट केले जाते. शरीराला ते पुडीतून आले की भाजीतून, याने फरक पडत नाही. जादा पैसे मोजावेत असे त्यात मला काही दिसले नाही. त्यापेक्षा साध्या सॉसेजच्या यादीत 301 किंवा 316 हे क्रमांक आहेत का, ते पाहणे अधिक उपयोगाचे. ते क जीवनसत्त्वाच्या कुळातील पदार्थ आहेत आणि नायट्रोसमाइन्स तयार होण्याला आळा घालतात.

या दुकानातली सर्वांत चांगली वस्तू मात्र कोणी आवर्जून दाखवत नाही. खालच्या कप्प्यात कच्चा चिकन खिमा असतो, ज्याच्या यादीत कोंबडीखेरीज काहीही नाही. गोठलेल्या अवस्थेत जिवाणू वाढत नसल्याने त्याला परिरक्षकाची गरजही नसते. आले-लसूण, कांदा-लसूण चटणी आणि थोडे भाजलेले डाळीचे पीठ घालून त्याच्या टिक्क्या केल्या, तर डब्यासाठी सलामीची आठवण निघत नाही, आणि मीठ आपल्या हातात राहते. सॉसेज आणायचेच असेल तर पाहुण्यांपुरते आणावे, मंद आचेवर परतावे, करपू देऊ नये, आणि पाकीट फोडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवावे. हॅम मी पुन्हा घेणार नाही. खिमा रात्री आठनंतर सहसा उरत नाही, म्हणून तो लवकर जाऊन घ्यावा.