कधीच कर्ज घेतलं नाही, मग स्कोअर बनवायचा की राहू द्यायचा?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी घरांत ऋण काढून सण करायचा नाही, हे लहानपणापासून ऐकवलं जातं. तसंच वागलेल्या, माझ्या ओळखीतल्या एका शिक्षक जोडप्याने मांजलपूरला फ्लॅट पाहिला आणि गृहकर्जासाठी बँकेत गेले. पगार नियमित, एफडी भक्कम, एक बिल थकलेलं नाही. अधिकाऱ्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. सिबिल स्कोअरच्या जागी होतं -१. त्याचा अर्थ एवढाच, की कर्जाची नोंदच नाही. पण आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाला तो आकडा बघून काय वाटलं असेल? मला हा उघड अन्याय वाटतो.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि घेतलेली उधारी कशी फेडली, हे तो मुख्यतः मोजतो. बचत खातं, एफडी, यूपीआय, डेबिट कार्ड यांचा त्यात काही हिशेब नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे, पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ कर्जाचा इतिहास नाही म्हणून नाकारू नये. पण व्याजदर किती लावायचा, हे बँकेच्या हातात राहतं. ३० लाख, २० वर्षं: साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे २६,०३५ रुपये, नऊ टक्क्यांनी २६,९९२. अर्ध्या टक्क्यापायी एकूण सव्वादोन लाखांहून जास्त जातात.

येत्या दोन-तीन वर्षांत घर, गाडी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज लागणार नसेल, तर काहीच करू नका. नुसत्या आकड्यासाठी उधारी ओढवून घेण्यात अर्थ नाही.

लागणार असेल, तर माझं मत एफडीवर मिळणाऱ्या क्रेडिट कार्डाला. इतिहास नसला तरी ते मिळतं, कारण तुमचीच ठेव तारण असते आणि तिच्यावर व्याज चालू राहतं. समजा २०,००० ची एफडी ठेवली आणि १६,००० ची मर्यादा मिळाली. महिन्याला चार-साडेचार हजारांचं किराणा-पेट्रोल त्यावर करा. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं. बिलात दोन रकमा छापून येतात: एकूण देय आणि किमान देय. पहिलीच भरायची, तीही ऑटो-डेबिट लावून. नुसती किमान रक्कम भरत गेलात तर उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात व्याज चढतं. साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसू लागतो. वार्षिक फी नसलेलंच कार्ड मागा, आणि कार्ड चालू आहे तोवर एफडी मोडता येणार नाही हे धरून चला.

दुकानातला ‘नो कॉस्ट ईएमआय’ सोपा वाटतो. फोन घेतला, सहा हप्ते, नोंद झाली. पण बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी असते, रोखीवरची सूट हातची जाते आणि हप्ते संपले की ते कर्जखातंही बंद होतं. एक हप्ता चुकला तर तोही रिपोर्टमध्ये बसतो. नको असलेली वस्तू स्कोअरसाठी घेणं तर मुळीच नको.

सोनेतारण कर्जाचीही नोंद होते, पण गरज नसताना दागिने गहाण ठेवायला मी कुणाला सांगणार नाही.

सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देतात. तो आधी काढा. स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. उलट, एकाच महिन्यात चार बँकांत अर्ज टाकले तर त्या चौकशा नोंदल्या जातात आणि फटका बसतो. आणि कार्ड घेतलंत, तर गृहकर्ज मंजूर होऊन रक्कम हाती येईपर्यंत ते बंद करू नका.