आईच्या वायरलेस पेशंट मॉनिटरचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, बोटाला क्लिप, छातीवर पॅच, कॉटजवळ गेटवे (क्लिप-पॅचचे आकडे पुढे पाठवणारा डबा) आणि आपल्या फोनवर अ‍ॅप, ते परत लिहीत नाही. लिहायला बसलो कारण परवा लाइट गेली, राउटर बंद पडला आणि अ‍ॅप खुशाल हिरव्या ठळक आकड्यात ऑक्सिजन ९७ दाखवत बसलं. तो ९७ दोन तासांपूर्वीचा! खाली वेळ असते, पण करड्या रंगात, मुंगीएवढी. गेटवे स्वतःच्या बॅटरीवर चालूच होता, पण कंपनीच्या सर्व्हरशी त्याचं सगळं बोलणं वाय-फायवरून, मग काय करणार.

सर्व्हिसवाला म्हणतो, सर, डिव्हाइस ओके आहे, तुमचं नेट गेलं होतं. अहो, नेट जाणार हे धरूनच बनवायचं ना! गेटवेची हजेरी ठरलेल्या वेळात लागली नाही की सर्व्हरनेच बोंब मारायची, त्याला वेगळा सेन्सर थोडाच लागतो?

आणि नको तिथे मात्र घसा फाटेस्तोवर ओरडतं. सुरुवातीला तर झोपेचं पार खोबरं झालं, बोटं गार पडली की ऑक्सिजन ८६, आई कुशीवर वळली की सिग्नल गायब. पॅच गेटवेशी बोलतो ब्लूटूथवरून, ते २.४ गीगाहर्ट्झवर चालतं, त्या लहरी अंगातलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे पॅच अंगाखाली आला की संपलं. गेटवे दुसऱ्या बाजूला उंचावर ठेवला, डॉक्टरांना विचारून अलर्ट ९० च्या खाली सलग काही सेकंद राहिल्यावरच वाजेल असा केला, तेव्हा कुठे शांतता. आणि हो, फोनच्या बॅटरी सेव्हरमधून अ‍ॅप बाहेर काढा, नाहीतर फोनच त्याला झोपवतो.

एकच स्टार देणार होतो. पण मागे एका रात्री आई गाढ झोपलेली, ना खोकला ना धाप, आणि पल्स १३० च्या खाली येईना. अलर्ट वाजला म्हणून उठलो, डॉक्टरांना ग्राफ पाठवला, ते म्हणाले लगेच घेऊन या. इन्फेक्शन निघालं. सकाळपर्यंत आम्हाला कुणाला पत्ता लागला नसता, त्यामुळे तीन स्टार.

राउटरला छोटा यूपीएस लावलाय, तोही पदरमोड करूनच. पण माझ्या फोनचं नेट बंद असलं तरी पोचतो तो एसएमएस अलर्ट, तो नेमका प्रीमियम प्लॅनमध्ये! इमर्जन्सीचे वेगळे पैसे. प्लॅन संपत आलाय, रिन्यू करणार, पण शिव्या घालतच.