भाड्याच्या घराची विद्युत तपासणी : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

भाड्याचे घर पाहताना नळाला पाणी येते का, दारे-खिडक्या नीट लागतात का, भिंतींना ओल आहे का, हे आपण बारकाईने पाहतो. विजेच्या बाबतीत मात्र बटण दाबले, दिवा लागला, पंखा फिरला की आपली खात्री पटते. माझीही तशीच पटली होती. आठ महिन्यांपूर्वी या घराची खऱ्या अर्थाने विद्युत तपासणी झाली, तेव्हा त्या खात्रीला काहीही आधार नव्हता हे कळले. ही तपासणी कशी झाली, तिच्यानंतर घरात काय बदलले आणि कोणत्या गोष्टी अजून मनासारख्या झालेल्या नाहीत, ते भाडेकरूंनी आणि घरमालकांनीही वाचावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

किल्ल्यांबरोबर आम्हाला एक पानी दाखला मिळाला होता. 'सर्व विद्युत जोडण्या तपासल्या व सुस्थितीत आढळल्या' एवढेच वाक्य, खाली सही आणि शिक्का. तो देणारे गृहस्थ आले तेव्हा मी सामान लावत होते. त्यांनी प्रत्येक सॉकेटमध्ये टेस्टर घालून पाहिला, डीबीवर, म्हणजे घरातील सर्व सर्किटे जिथून निघतात त्या विजेच्या पेटीवर, वरवर नजर टाकली आणि वीस मिनिटांत ते निघून गेले. टेस्टरमधला दिवा पेटला म्हणजे त्या भोकात फेज आहे, इतकेच समजते. अर्थिंगची वायर मागे जोडलेली आहे की नाही, न्यूट्रलचा स्क्रू घट्ट आहे की नाही, भिंतीतल्या वायरचे इन्सुलेशन टिकून आहे की नाही, यांपैकी काहीही टेस्टर सांगत नाही. त्या वेळी मला हे माहीत नव्हते, म्हणून दाखला फाइलमध्ये लावून मी निर्धास्त झाले.

तिसऱ्या आठवड्यात वॉशिंग मशीनमधून कपडे काढताना मनगटाच्या आतल्या बाजूला बारीक झिणझिण्या आल्या. फरशी ओली होती आणि मी अनवाणी होते. हाताची पाठ मशीनच्या पत्र्यावरून हलकेच फिरवली, तर पत्रा खरखरीत लागत होता. प्लग काढल्यावर तोच पत्रा गुळगुळीत लागला. असे करून पाहणे चुकीचे होते आणि कुणीही ते करू नये, पण तो खरखरीतपणा मी विसरू शकत नाही. पुढे तपासणीत त्याचे कारण कळले. वॉशिंग मशीन, संगणक यांसारख्या उपकरणांत विजेतील गोंगाट गाळण्यासाठी फिल्टर बसवलेला असतो आणि त्यातले छोटे कपॅसिटर फेज व न्यूट्रल या दोन्हींपासून उपकरणाच्या पत्र्याला जोडलेले असतात. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर ही किरकोळ गळती जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या जवळजवळ निम्मा दाब येऊन बसतो. आमच्या मशीनचा पत्रा आणि नळ यांच्यामध्ये मीटरने १०८ व्होल्ट दाखवले. कपॅसिटरमधून येणारा प्रवाह फार थोडा असल्याने झिणझिण्यांवर भागले; पण आत फेजची एखादी वायर पत्र्याला टेकली असती, तर तो पूर्ण २३० व्होल्टवर गेला असता आणि मशीन तरीही नेहमीसारखे कपडे धूत राहिले असते.

घरमालकांना मी काका म्हणते. ते वयाने मोठे आहेत आणि माणूस म्हणून चांगले आहेत. मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अगं, बारा वर्षं आम्ही इथे राहिलो, कुणाला साधा झटका बसला नाही." ते खरेच होते. अर्थिंग तुटल्याचे लक्षण रोजच्या वापरात दिसतच नाही, कारण दिवा, पंखा, मशीन या सगळ्यांना चालण्यासाठी अर्थिंग लागतच नाही; ते लागते बिघाडाच्या क्षणी. मी त्यांच्यापुढे तो दाखला ठेवला आणि म्हटले, "काका, यात एकही आकडा नाही. काय मोजले ते सांगणारा कागद आपण करून घेऊ." यावर ते तयार झाले, आणि खर्चही त्यांनीच केला. घर आणि भिंतीतली वायरिंग त्यांची आहे, तेव्हा तसेच व्हायला हवे असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी तपासणी परवानाधारक तज्ज्ञांनी केली. तिला चार तासांहून अधिक वेळ लागला आणि त्यातला बराच वेळ घराची वीज बंद होती. आधी त्यांनी सर्व उपकरणांचे प्लग काढायला लावले, मग डीबीचे झाकण उघडले आणि नंतर एकेक सॉकेट भिंतीतून बाहेर ओढून पाहिला. वॉशिंग मशीनच्या सॉकेटमागे हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर होती. ती दुमडून मागे सारलेली होती आणि तिचे टोक सोललेलेसुद्धा नव्हते. म्हणजे तो सॉकेट बसवला त्या दिवसापासून त्याचे तिसरे भोक फक्त नावाला होते. स्वयंपाकघरातील दिव्यांच्या सर्किटवर ३२ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप तुटणारा स्विच) होता आणि वायर दीड स्क्वेअर एमएमची. पूर्वी कधीतरी लहान एमसीबी वारंवार पडत असावा, म्हणून कुणीतरी मोठा बसवून टाकला होता. एमसीबी हा वायरला जपण्यासाठी असतो. दीडच्या वायरवर १० किंवा फार तर १६ अँपिअरचा बसवतात. ३२ चा बसवल्यावर वायर भिंतीच्या आत तापली तरी तो तिच्यासाठी वेळेवर तुटणार नाही.

मला सर्वांत जास्त हादरवले ते डीबीतल्या एका न्यूट्रलने. पट्टीवरच्या त्या स्क्रूभोवतीचे प्लास्टिक तपकिरी झाले होते आणि वायरचे इन्सुलेशन कडक होऊन सोलपटासारखे निघत होते. तो गिझरचा न्यूट्रल होता. तपासनिसांनी मला तिथेच हिशेब करून दाखवला: दोन हजार वॉटचा गिझर सुमारे ९ अँपिअर घेतो, सैल जोडावर अर्ध्या ओहमचा रोध जरी तयार झाला, तरी नऊ गुणिले नऊ गुणिले अर्धा, म्हणजे जवळजवळ ४० वॉट उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत साठते. एवढ्या वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळते. एमसीबीला यातले काहीच समजत नाही, कारण त्याच्यातून जाणारा प्रवाह नेहमीइतकाच असतो. आरसीसीबीलाही (प्रवाह बाहेर गळू लागला की वीज तोडणाऱ्या उपकरणालाही) समजत नाही, कारण प्रवाह बाहेर कुठेच गळत नाही. सैल जोडाचा शोध झाकण उघडून, स्क्रू हाताने घट्ट करून किंवा भार चालू असताना तापमान मोजूनच लागतो. बंद झाकणाकडे पाहून 'सुस्थितीत' लिहिणाऱ्या दाखल्याला मी तपासणी का म्हणत नाही, ते यावरून लक्षात येईल.

मोजमापांचा भाग मी पहिल्यांदाच पाहत होते. मेगर या इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने ५०० व्होल्टचा डीसी दाब देऊन प्रत्येक सर्किटच्या वायरिंगचे इन्सुलेशन मोजले. हा आकडा किमान १ मेगाओहम तरी असावा लागतो. आमची बहुतेक सर्किटे १०० च्या वर होती. बाल्कनीच्या सर्किटचा आकडा ०.६ आला. तिथल्या सॉकेटमागे पाणी झिरपत होते. ते सर्किट त्याच दिवशी वेगळे करून बंद ठेवण्यात आले.

घरात आरसीसीबी नव्हताच. तो ३० मिलिअँपिअरचा बसवला. हा आकडा कुठून आला, असे मी विचारले. विजेच्या झटक्याचा माणसाच्या शरीरावर होणारा परिणाम मोजण्याचे मोठे काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील चार्ल्स डॅल्झिएल यांनी केले. हातात धरलेली तार सोडून देता येईल अशा प्रवाहाची सरासरी मर्यादा त्यांना पुरुषांत सुमारे १६ आणि स्त्रियांत सुमारे १०.५ मिलिअँपिअर आढळली. त्यापुढे स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. म्हणजे ३० मिलिअँपिअर हा आकडा निरुपद्रवी मुळीच नाही. संरक्षण मिळते ते वेळेमुळे: ३० मिलिअँपिअर गळती झाल्यास हे उपकरण ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि पाचपट गळती झाल्यास ४० मिलिसेकंदांच्या आत तुटले पाहिजे. आमचे ३० मिलिअँपिअरला २४ मिलिसेकंदांत तुटले आणि निम्म्या प्रवाहाला तुटले नाही; दोन्ही नोंदी अहवालात आहेत. मात्र एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना हात लागला आणि जमिनीकडे काहीच गळले नाही, तर आरसीसीबीच्या लेखी तो माणूस आणि दिवा यांत फरक नसतो. घरातील लहानथोर सर्वांना ही मर्यादा मी समजावून सांगितली आहे.

आरसीसीबी बसवल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस त्रासाचे गेले, आणि अनेक घरांत तो याच टप्प्यावर कायमचा काढून टाकला जातो, म्हणून हे जरा विस्ताराने सांगते. रोज संध्याकाळी घरभर अंधार व्हायचा. काका वैतागले, "यापेक्षा पूर्वीचंच बरं होतं," असे ते म्हणू लागले. मी वहीत वेळा लिहायला सुरुवात केली. सहा संध्याकाळच्या नोंदी समोर ठेवल्यावर दिसले की आम्ही दाराबाहेरचा दिवा लावतो त्याच क्षणी आरसीसीबी पडतो. तपासनीस पुन्हा आले. त्या दिव्याची फेज आमच्या घरातून गेलेली होती, पण न्यूट्रल जिन्याच्या सामायिक वायरिंगमधून घेतलेला होता. आरसीसीबी जाणारा आणि परतणारा प्रवाह ताडून पाहतो. इथे प्रवाह आमच्याकडून जात होता आणि दुसऱ्याच वाटेने परतत होता. ९ वॉटच्या दिव्याला २३० व्होल्टवर सुमारे ४० मिलिअँपिअर लागतात आणि तेवढा फरक पुरेसा होता. दिव्याचा न्यूट्रल आमच्या डीबीतून घेतल्यावर त्रास थांबला. हा दोष जुनाच होता, आणि तो धोकादायकही होता: आमचा मेन बंद असतानाही त्या न्यूट्रलवर जिन्यातल्या दिव्यांचा प्रवाह असे, आणि बेसावध वायरमनने तो जोड सोडवला असता तर त्याला झटका बसला असता. आरसीसीबी पडतो तेव्हा तो बहुधा खरे बोलत असतो, हे मी त्या पंधरवड्यात शिकले.

त्यानंतरच्या काळात तो दोनदाच पडला. पहिल्यांदा जुन्या इस्त्रीची दोरी मुठीजवळ सोलवटली होती. दुसऱ्यांदा गिझरचे एलिमेंट गेले होते. एलिमेंट बदलताच काम झाले. महिन्यातून एकदा मी आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबते. उत्पादक सहसा किमान तीन किंवा सहा महिन्यांतून एकदा सांगतात, पण माझ्यासाठी महिना लक्षात ठेवणे सोपे आहे. हे बटण आतल्या रोधकातून कृत्रिम फरक निर्माण करते, त्यामुळे यंत्रणा अडकलेली नाही इतकेच त्यातून सिद्ध होते. घराला अर्थिंग मुळीच नसले तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी तुटतो. बटण दाबून अर्थिंगची खात्री झाली असे समजणारे सुशिक्षित लोक मला भेटले आहेत.

तपासणीतील उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. अहवालाची भाषा भाडेकरूला समजेल अशी नव्हती. 'लूप इम्पिडन्स' (बिघाडाच्या वेळी प्रवाह ज्या वाटेने फिरतो त्या पूर्ण वाटेचा रोध) या स्तंभातील आकडे चांगले की वाईट, हे मला विचारून घ्यावे लागले. भिंतीत पुरलेल्या जोडांपर्यंत कुणीही पोहोचू शकले नाही आणि त्या ठिकाणांची यादी अहवालात असायला हवी होती. दोषांची प्रतवारीही नव्हती, त्यामुळे आधी काय करायचे यावर आमची आणि काकांची थोडी ओढाताण झाली. इंग्लंडमध्ये खासगी भाड्याच्या घरांसाठी २०२० साली झालेल्या नियमांनुसार किमान दर पाच वर्षांनी अशी तपासणी करून घेणे घरमालकांवर बंधनकारक आहे. अहवालाची प्रत २८ दिवसांत भाडेकरूला द्यावी लागते आणि गंभीर दोष साधारणपणे २८ दिवसांच्या आत, किंवा अहवालात कमी मुदत दिली असेल तर तेवढ्यात, दूर करावे लागतात. तिथल्या अहवालांत तात्काळ धोका असेल तर सी-१, संभाव्य धोक्याला सी-२ आणि सुधारणा सुचवायची असेल तर सी-३ अशी खूण असते. आमच्या अहवालात एवढी खूण जरी असती, तरी जळका न्यूट्रल पहिल्याच दिवशी बदलला गेला असता. प्रत्यक्षात त्याला नऊ दिवस लागले आणि ते नऊ दिवस आम्ही गिझर बंद ठेवला.

आता करारनाम्यात आम्ही दोन ओळी वाढवल्या आहेत: मोजमापांसह अहवालाची प्रत दोघांकडेही राहील, आणि डीबीत कोणताही बदल करण्यापूर्वी दुसऱ्याला कळवले जाईल. काकांनी दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या स्वतःच्या घराचीही तपासणी करून घेतली. तिथेही दोन सॉकेटमागे हिरवी वायर तशीच दुमडलेली निघाली.

बाल्कनीचे सर्किट अजून बंद आहे. गेल्या महिन्यात ते पुन्हा मोजले, तेव्हा आकडा ०.९ आला, भिंत थोडी सुकली आहे, पण १ अजून गाठलेला नाही. वायर नव्याने ओढण्यासाठी भिंत फोडावी लागेल आणि ते काम काकांनी पावसाळ्यानंतर करायचे ठरवले आहे. तोपर्यंत त्या एमसीबीवर 'चालू करू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आहे आणि सॉकेटच्या जागी कोरी प्लेट बसवली आहे.