कारखान्याच्या छपरावरचे पाणी : दोन पावसाळ्यांनंतर एका सेवेचे परीक्षण

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पुठ्ठ्याची खोकी तयार करण्याचा लहानसा कारखाना आहे. पुठ्ठ्याला पाण्याचा थेंबही चालत नाही. आम्हाला मात्र खळ शिजवायला, स्वच्छतागृहांना आणि चार महिने कूलरला पाणी लागतेच, त्यामुळे पावसाळ्यात पाण्याची भीती आणि उन्हाळ्यात पाण्याचीच वाट, असा आमचा वर्षाचा क्रम आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यानंतर छपराचे आणि आवाराचे पाणी एकदा नीट मार्गी लावायचे ठरवून आम्ही उद्योगांसाठी पर्जन्यजल व्यवस्थापन आणि हरितीकरण करून देणाऱ्या एका कंपनीला काम दिले. एका कारखान्यातील अनुभवावरून कोणाचे नाव चढवणे किंवा उतरवणे मला योग्य वाटत नाही, म्हणून कंपनीचे नाव येथे दिलेले नाही.

पहिल्या भेटीला विक्री विभागाचे गृहस्थ आले आणि एक लाख लिटरची टाकी बांधली की उन्हाळ्यातले टँकर बंद होतील, असे सांगून गेले. दुसऱ्या भेटीला आलेल्या अभियंत्यांनी तेच गणित कागदावर मांडून मोडीत काढले, आणि या सेवेबद्दलचा माझा आदर तेथून सुरू झाला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचे पत्र्याचे छप्पर 1,200 चौरस मीटरचे आहे आणि नागपूरचा वार्षिक पाऊस साधारण 1,000 मिलिमीटरच्या वर असतो, तेव्हा गळती आणि बाष्पीभवन वजा जाताही वर्षाला सुमारे 10 लाख लिटर पाणी पन्हळीतून वाहते. पण हे जवळजवळ सगळे पाणी जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत येते. कूलरला ते हवे असते एप्रिल-मेमध्ये, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, आमचे सहा मोठे कूलर दिवसाला दीड-दोन हजार लिटर पाणी पितात. सात महिने पाणी राखून ठेवील एवढी टाकी आमच्या भूखंडावर मावणारही नाही. म्हणून टाकी 30 हजार लिटरचीच करावी, ती पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत वापरावी आणि उरलेले पाणी जमिनीत सोडावे, असा सल्ला त्यांनी दिला. स्वतःच्याच कोटेशनमधला सर्वांत मोठा आकडा स्वतः खाली आणणारा सल्लागार मी प्रथमच पाहिला.

जमिनीत पाणी सोडणे हे येथे वाटते तितके सोपे नाही. वरचा थर काळ्या चिकण मातीचा असतो, जी पावसात फुगते आणि पाणी खाली जाऊच देत नाही. त्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण, ज्यात पाणी फक्त भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत राहते. काळ्या मातीतच खड्डा खणून त्यात विटांचे तुकडे टाकले की त्याचे डबके होते, आणि अशी डबकी वसाहतीत मी पुष्कळ पाहिली आहेत. या लोकांनी आधी चाचणीचा खड्डा खणला, त्यात पाणी भरले आणि ते किती वेळात उतरते ते घड्याळ लावून मोजले. मुरूम लागेपर्यंत खोली वाढवली. मगच दगड, गिट्टी आणि रेतीचे थर भरले. छपराचे काही पाणी गाळणीतून आमच्या जुन्या बोअरमध्ये सोडले आहे. पहिल्या पावसाचे पाणी, म्हणजे आठ महिन्यांची धूळ आणि पारव्यांची घाण, वेगळ्या झडपेने बाहेर काढले जाते.

आवारातले पाणीही बोअरमध्येच सोडा, असा माझा आग्रह होता. त्यांनी तो साफ नाकारला. जेथे ट्रक उभे राहतात आणि जनरेटरचे डिझेल सांडते, तेथले पाणी बोअरमध्ये गेले तर आपल्याबरोबर शेजाऱ्याचेही पाणी नासेल, असे त्यांचे म्हणणे होते. ते पाणी आता कुंपणालगतच्या उथळ चरातून जाते आणि त्या चरात कर्दळ व वाळा लावला आहे. कूलरच्या ताट्यांमुळे वाळा नागपूरकरांच्या ओळखीचा आहेच, पण त्याची मुळे चराची माती इतकी घट्ट धरून ठेवतात, हे मला येथेच कळले.

हरितीकरणाचे उरलेले काम मात्र दुसऱ्याच कोणी केल्यासारखे झाले. दर्शनी भागात हिरवळीचा गालिचा अंथरला गेला, आणि मे महिन्यात त्याला जगवायला आम्ही टँकर मागवला, म्हणजे ज्या रोगासाठी औषध घेतले तोच रोग वाढला. कुंपणाला कोनोकार्पसची रांग लावायची त्यांची तयारी होती. गुजरात सरकारने 2023 मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली आहे, हे मी दाखवल्यावर कडुनिंब, करंज आणि बहावा आले. पाण्याचा विचार इतक्या काटेकोरपणे करणाऱ्यांनी झाडांचा विचार कॅटलॉग पाहून करावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

देखभालीबाबत माझी तक्रार अधिक गंभीर आहे. 2024 च्या जुलैत पुठ्ठ्याच्या कपट्यांनी गाळणी तुंबली, पन्हळ भरून पाणी शेडमध्ये उतरले आणि तयार मालाचे दोन थर भिजले. दूरध्वनी केल्यानंतर माणूस तिसऱ्या दिवशी आला. वार्षिक करारात दोन भेटी होत्या, एक मेमध्ये आणि एक ऑक्टोबरमध्ये. ज्या चार महिन्यांसाठी ही सगळी यंत्रणा उभी आहे, त्या चार महिन्यांत एकही भेट नव्हती. करार नीट न वाचण्याचा दोष माझा आहे, पण तो तसा लिहिण्याचा दोष त्यांचा.

फलिताबद्दल सावधपणे लिहितो. टाकीमुळे जुलै ते ऑक्टोबर या काळात खळ आणि स्वच्छतागृहांसाठी बाहेरचे पाणी आम्हाला जवळजवळ लागत नाही. 2025 च्या उन्हाळ्यात आमचे बोअर एरवीपेक्षा उशिरा आटले, परंतु शेजारच्या भूखंडावरील बोअरलाही थोडे अधिक पाणी होते. ते आमच्या खड्ड्यांमुळे की आधीच्या पावसामुळे, हे एका वर्षावरून ठरवता येत नाही. टँकर कमी झाले आहेत, बंद झालेले नाहीत.

पाण्याच्या कामासाठी ही सेवा मी कोणत्याही कारखानदाराला सुचवीन, झाडांच्या कामासाठी सुचवणार नाही. आम्ही करार पुन्हा केला आहे, तो जून ते सप्टेंबर दर महिन्याला एक भेट आणि तक्रारीनंतर 24 तासांत माणूस पाठवण्याच्या अटीवर. हिरवळ काढून टाकली असून तेथे पावसाळ्याच्या तोंडावर जवळच्या रोपवाटिकेतून करंजाची आणखी सहा रोपे आणून लावली आहेत.