आईचा पंप, आठ महिन्यांनी: माझं आधीचं मत मागे घेतोय

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या आकसून दम लागण्याचा कायमचा आजार. तीस वर्षं चुलीपुढे बसून स्वयंपाक केला, विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही, तरी फुप्फुसं गेली. जूनपासून तिला दाबून ओढायचा पंप सुरू आहे. १२० डोसांचा, सकाळी दोन, रात्री दोन. पहिल्या तीन महिन्यांत मी सगळ्या नातेवाइकांना सांगत होतो की पंप चांगला आहे, भरपूर पुरतो, एक आणला की दीड महिना बघायला नको. ते सगळं आज मागे घेतो.

रोजचे चार म्हटल्यावर १२० डोस तीस दिवसांत संपायलाच हवेत. दीड महिना पुरत होता, कारण आई रात्रीचे दोन बहुतेक वेळा घेतच नव्हती. "आज दम नाही लागला, मग कशाला वाया घालवू?" तिला दोष द्यावासा वाटत नाही. डोकं दुखल्यावरच गोळी घ्यायची, हे आपल्या घराघरांतलं वळण. हा पंप मात्र दम लागूच नये म्हणून घ्यायचा असतो. त्यात शेजारच्या मावशींनी मनात भरवलेलं, पंपाची सवय लागते. सवय नाही हो लागत. आजार कायमचा, म्हणून औषध कायमचं.

दसऱ्याला नवा पंप आणला आणि रोज दोन वेळा फोन करून चारही डोस घ्यायला लावले. दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, पंप चालूच. विचारलं की आई डबी कानाशी हलवायची आणि म्हणायची, "आहे अजून, वाजतंय." मग एका मध्यरात्री दम लागला. तिने तोच पंप सहा-सात वेळा दाबला. दर वेळी फुस्स आवाज, दर वेळी फवारा, आराम काही पडेना. पहाटे ऑक्सिजन लावला, तीन दिवस ॲडमिट.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. औषधाचे डोस संपले तरी ते ढकलणारा वायू डबीत उरतो. आवाज तोच, फवारा तोच, औषध नाही. दहा-बारा दिवस आई नुसता वायू ओढत होती! डबी पाण्यात टाकून बघायची, तरंगली तर संपली, ही युक्तीही भरवशाची नाही. माझा सगळा राग इथेच आहे. मोबाइलचा रिचार्ज संपायच्या आधी तीन-तीन मेसेज येतात, आणि जिच्यावर माणसाचा श्वास चालतो त्या डबीवर किती उरलं याचा आकडा नाही. आकडा दाखवणारे पंप मिळतात, थोडे महाग पडतात. दुकानात स्वस्तातला द्या म्हणणारा मीच होतो, हेही लिहायला हवं.

पंपाच्या नावाने एवढं लिहून थांबणार होतो, पण सिस्टरांनी आईला समोर बसवून पंप घ्यायला लावला. आई आधी दाबायची, मग श्वास घ्यायची. संधिवाताने अंगठ्यात जोर नाही, दोन्ही हातांनी दाबेपर्यंत श्वासाचा मेळ चुकतो आणि औषध जिभेवर बसतं. जूनमध्ये कुणी एकदाही करून दाखवलं नव्हतं, चिठ्ठी लिहून दिली आणि पुढचा पेशंट. सप्टेंबरात तोंडात पांढरी बुरशी आली, तिखट झोंबायला लागलं, म्हणून तिने आठवडाभर पंप बंदच ठेवला होता. पंपानंतर चूळ भरायची असते, हेही आम्हाला नोव्हेंबरात कळलं.

आता स्पेसर लावतो, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये जोडायची पोकळ नळी. डबी हलवायची, एकदा दाबायचं, सावकाश ओढायचं, दहा आकडे श्वास धरायचा, थोडं थांबून दुसरा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवा. फडक्याने पुसला की औषध आतल्या भिंतीला चिकटतं.

डिसेंबरभर आईने कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतात तशा पंपाच्या रेघा मारल्या. जानेवारीत आकड्याचा पंप आणला. पाचपैकी गुण द्यायचे तर औषधाला साडेचार, आकडा नसलेल्या जुन्या डबीला एक. आई हल्ली देवळापर्यंत मध्ये न बसता जाते.

काल रात्री तिचाच फोन आला. "बारा राहिलेत रे. रविवारी येताना नवा घेऊन ये."