ग्नोम वेब: काही महिने रोज वापरल्यावर

लिनक्सवर ब्राउझर म्हटलं की फायरफॉक्स, नाहीतर क्रोमियम (क्रोम ज्यावर बनतो तो) आणि त्याचा गोतावळा. ग्नोम हा लिनक्सवरचा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेन्यूंचा पडद्यावरचा भाग, रोज वापरणाऱ्यांनाही त्याचा स्वतःचा ब्राउझर आहे हे बहुतेकदा माहीत नसतं, कारण उबुंटू काय किंवा फेडोरा काय, लिनक्सच्या या तयार आवृत्त्या (डिस्ट्रो) सोबत फायरफॉक्सच देतात. हा ब्राउझर 2002 पासून आहे. तेव्हा नाव होतं एपिफनी. 2012 मध्ये ते नुसतं 'वेब' झालं. असं नाव ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार! अडचण आली तर गूगलवर टाकणार काय? जुन्या नावानंच शोधा. आणि डेबियन-उबुंटूत पॅकेज 'एपिफनी-ब्राउझर' असं पूर्ण लिहा, नुसतं 'एपिफनी' लिहिलंत तर हिरे गोळा करायचा एक जुना खेळ येऊन बसेल.

मी तो घेतला तो कामासाठी. वेबसाइट बनवतो, आणि ग्राहकाचा फोन हमखास येतो तो "आयफोनवर बिघडलंय" असा. मॅक घ्यायची ऐपत नाही. ग्नोम वेब 2009 पासून वेबकिटवर चालतो, म्हणजे सफारीच्याच इंजिनावर. क्रोममध्ये देखणं दिसणारं पान इथे उघडलं की मांडणी कुठे सरकतेय ते बऱ्याचदा लगेच कळतं. आयफोनची हुबेहूब नक्कल नाही, लिनक्सवरची बांधणी वेगळी आहे. पण निम्मी डोकेदुखी घरीच मिटते.

मग हळूहळू वाचनही इथेच सुरू झालं. जाहिराती अडवायची सोय आतच आहे आणि आधीपासून चालू असते. मराठी बातम्यांच्या साइटवर एका परिच्छेदाला दोन जाहिराती हा हिशेब सगळ्यांना माहीत आहे. इथे बातमी निदान सलग दिसते. ॲड्रेसबारमधलं रीडरचं चिन्ह दाबलं की उरलंसुरलंही जातं. ते चिन्ह प्रत्येक पानावर येत नाही, एवढीच खोट.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वेब ॲप. मेन्यूतून कुठलीही साइट ॲप म्हणून बसवता येते. तिला वेगळी खिडकी, वेगळं चिन्ह आणि मुख्य म्हणजे वेगळ्या कुकीज मिळतात. घरचं मेल आणि कामाचं मेल अशी दोन ॲप्स केली आहेत. सारखं लॉगआउट-लॉगइन बंद. फायरफॉक्सच्या खात्याशी सिंकही होतं, त्यामुळे बुकमार्क आणि पासवर्ड आपसूक आले. बुकमार्कना फोल्डर मात्र नाहीत, टॅग आहेत. मला ते अजून पचलेलं नाही.

आता रड. पैसे भरून पाहायच्या ओटीटीवरच्या मालिका इथे विसरा. त्यांना लागणारं वाइडवाइन (व्हिडिओची चोरून कॉपी होऊ नये म्हणूनचं कुलूप) यात नाही. व्हिडिओ कॉलचा भरवसा नाही. एक्स्टेन्शनचा (ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या सोयींचा) आधार अजून प्रायोगिक आहे, आवडत्या चार एक्स्टेन्शनवर अडून बसणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. माझ्या बँकेची साइट तर लॉगिनच्या आधीच "कृपया क्रोम वापरा" म्हणून दार लावते. पान उघडून तरी बघ म्हणावं! पण बँकेशी कोण भांडणार, तेवढ्यापुरता फायरफॉक्स उघडतो. वीसेक टॅब उघडून बसायची सवय असेल तरीही तोच बरा. इथे जड पानं खूप झाली की स्क्रोल अडखळायला लागतो.

घेणार असाल तर फ्लॅटहब या ॲपच्या दुकानातून फ्लॅटपॅक, म्हणजे वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर चालणारं पॅकेज, घ्या. डिस्ट्रोच्या पॅकेजमध्ये वेबकिट कधीकधी मागे राहतं, आणि ब्राउझरच्या इंजिनात सुरक्षेच्या दुरुस्त्या उशिरा मिळणं परवडत नाही. फ्लॅटपॅकमध्ये नवं वेबकिट ग्नोमच्या रनटाइमबरोबर (ॲप चालायला लागणाऱ्या सामायिक फाइलींबरोबर) येतं. डाउनलोड पहिल्यांदा चांगलंच मोठं होतं, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसून करू नका.