एका माणसाच्या गावाची शिरगणती: अमेरिकेच्या जनगणना साइटचा कस

अमेरिकन जनगणना खात्याची 'डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह' ही साइट मोफत आहे आणि खाते न उघडता चालते. ती किती कामाची हे पाहायला न्यूयॉर्कचे आकडे काढून काही कळत नाही. त्यासाठी नेब्रास्काच्या बॉइड काउंटीतलं मोनोवाय घ्या. प्रेअरीच्या गवताळ माळावर १९०२ साली रेल्वेबरोबर वसलेलं हे गाव कागदोपत्री आजही रीतसर 'व्हिलेज' आहे.

शोधपट्टीत नुसतं 'मोनोवाय' लिहून थांबू नका. जागेच्या गाळणीत 'प्लेस', मग नेब्रास्का, मग 'मोनोवाय व्हिलेज' असं उतरा. वर्ष आणि सर्वेक्षणही स्वतःच निवडा, कारण गावाच्या प्रोफाइल पानावर दशवार्षिक जनगणनेचे आणि अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे आकडे शेजारी शेजारी बसलेले असतात. गोंधळ बहुतेक इथूनच सुरू होतो. हा सर्व्हे नमुन्यावर चालतो आणि ६५ हजारांखालच्या गावांसाठी पाच वर्षांची माहिती एकत्र करून अंदाज देतो. शेजारच्या रकान्यात त्रुटीची मर्यादा दिलेली असते, ती न वाचता आकडा उचलू नये. मूठभर वस्तीच्या गावात ही मर्यादा आकड्याहून मोठी निघू शकते. एकूण लोकसंख्येसाठी दशवार्षिक जनगणनेचा पी१ तक्ता घ्या, घरांसाठी एच१.

आता निकाल. २००० साली मोनोवायची लोकसंख्या २, २०१० साली १, आणि २०२० साली पुन्हा २. वाढ झाली म्हणून कुणी खूश होऊ नये. तिथे तेव्हाही एकच बाई राहत होती. गावाची महापौर तीच, कारकून तीच, खजिनदारही तीच. दुसरा रहिवासी गणिताने घातलेला आहे. व्यक्तीची ओळख उघड होऊ नये म्हणून २०२० पासून खातं 'डिफरन्शियल प्रायव्हसी' वापरतं, म्हणजे प्रसिद्ध करण्याआधी आकड्यांत मुद्दाम थोडी भेसळ करतं. राज्याची एकूण लोकसंख्या तशीच ठेवली जाते. त्याखाली काउंटी, गाव, ब्लॉक (जनगणनेतला सर्वांत लहान भूभाग) सगळे आकडे हलतात. शहराला एका माणसाचा फरक कळतही नाही. इथे त्याने गाव दुप्पट झालं! २०१० पर्यंत वेगळी पद्धत होती: घरांच्या नोंदींची अदलाबदल व्हायची, पण एकूण माणसं जशी मोजली तशीच छापली जायची.

मग भरवसा कशावर ठेवायचा? एच१ मधल्या एकूण घरांच्या संख्येवर, कारण तिला हात लावलेला नसतो. त्याखालच्या 'वस्ती असलेली' आणि 'रिकामी' या ओळींत मात्र भेसळ असते. म्हणूनच एखाद्या ब्लॉकात माणसं आहेत आणि वस्तीचं घर एकही नाही, असा चमत्कार दिसतो. एकेक ब्लॉक वाचत बसण्यापेक्षा शेजारचे ब्लॉक बेरजेत घ्या. बेरीज जितकी मोठी तितका भेसळीचा परिणाम फिका पडतो. बॉइड काउंटी २०१० मध्ये २,०९९ आणि २०२० मध्ये १,८१० दाखवते. ही घसरण खरी मानायला हरकत नाही.

इतिहासाच्या बाबतीत साइट लंगडी आहे. तक्ते २००० पासूनचेच मिळतात. मोनोवायचे १९३० सालचे १२३ लोक, १९८० चे १८, १९९० चे ६ हे आकडे शोधायला खात्याच्या मुख्य साइटवरचे स्कॅन केलेले जुने छापील खंड उघडावे लागतात. नेब्रास्काचा खंड घ्या, त्यात काउंटीनुसार लावलेला तक्ता शोधा. जुने आणि नवे आकडे एका जागी का नाहीत, याचं कारण साइटवर सापडत नाही.

माणसांची नावं हवी असतील तर राष्ट्रीय अभिलेखागाराची १९५० च्या जनगणनेची साइट वापरा. नोंदी ७२ वर्षं बंद ठेवायचा नियम असल्यामुळे ती १ एप्रिल २०२२ ला खुली झाली. तिथला नावाचा शोध यंत्राने वाचलेल्या हस्ताक्षरावर चालतो, त्यामुळे हमखास चुकतो. राज्य आणि काउंटी निवडून गणना-विभागाचा (एका गणकाकडे दिलेल्या भागाचा) क्रमांक काढणं आणि पानं एकेक उलटणं अधिक खात्रीचं. पानाच्या डोक्यावर गावाचं नाव असतं, खाली ३० ओळी. एवढंसं गाव दोन-तीन पानांत संपतं. १८९० ची पानं मात्र कुठेच शोधू नका, १९२१ च्या आगीनंतर त्यातलं जवळजवळ काही उरलं नाही.

काउंटी किंवा मोठ्या शहरासाठी पाचपैकी साडेचार. शंभराच्या आतल्या गावासाठी अडीच, आणि तेही २०१० पर्यंतच्या आकड्यांच्या जोरावर. पी१ मधल्या '२' या आकड्याशेजारी भेसळीची एका ओळीची सूचना दिली असती तर अर्धा गुण आणखी दिला असता.